नंदावहिनींनी काढलेला घाणा

नंदावहिनींनी उभ्या आयुष्यात बिअरचा थेंब जिभेला लावलेला नाही. वाढदिवसाचा केक आणताना त्यात रम नाही ना, हे त्या बेकरीतल्या मुलीला दोनदा विचारतात आणि घरी आणल्यावर वरून वासही घेतात. अशा बाईंचा एप्रिलमध्ये मला फोन आला, "भावजी, रविवारी सकाळी या. दारू गाळायची आहे."

मी फोन कानापासून लांब धरून नाव पुन्हा वाचलं. नाव बरोबर होतं.

उल्हास, म्हणजे वहिनींचा नवरा, आणि मी अमेरिकेत, ट्रॉय गावी, एकाच सुमारास आलो. तो ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत लागला, मी सीट बनवणाऱ्या. नळ्यांतून तेल कुठेही न अडखळता कसं वाहील हे त्याने जन्मभर पाहिलं आणि माणसं आरामात कशी बसतील हे मी. रिटायर झाल्यावरही आमचं तेच चालू राहिलं. तो गॅरेजमध्ये घरची बिअर करायचा आणि मी तिथे एका उपड्या बादलीवर आरामात बसून ती प्यायचो.

बिअर करणं म्हणजे थोडक्यात असं. दुकानातून माल्ट आणायचा, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. त्याची काय ती तयारी उल्हास मी पोचायच्या आधीच उरकून ठेवायचा. मग तो माल्ट पिकनिकच्या मोठ्या कूलरमध्ये गरम पाण्यात भिजत घालायचा. कूलरच्या तळाला जाळी आणि तोटी. तासाभराने तोटी उघडली की गोड पाणी उतरतं, त्याला वर्ट म्हणतात. पुढे ते उकळायचं, यीस्ट घालायचं, वाट बघायची. पण उल्हासचा सगळा जीव त्या तोटीपाशी. वर्ट नितळ उतरलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. गॅरेजच्या भिंतीवर महाराष्ट्र मंडळाची दिनदर्शिका टांगलेली असायची. वर्टचा ग्लास तिच्यासमोर धरायचा आणि ग्लासातून आजची तिथी वाचता आली तर पास. एरवी एकादशी कधी येते नि जाते हे ज्याला कळत नाही, तो माणूस दर महिन्याला एकदा तिथी बघायचा ती अशी.

वहिनी त्या गॅरेजला 'गुत्ता' म्हणायच्या. गाडीकडे जाताना नाकाला रुमाल लावून जायच्या. त्यांचं राज्य स्वयंपाकघरात. पुण्याहून आणलेली घरघंटी त्यांनी ट्रान्सफॉर्मर जोडून तळघरात बसवली होती आणि निम्म्या ट्रॉयची भाजणी तिच्यावर दळून जायची. आणि त्यांचं श्रीखंड. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या सिंकच्या नळाला दह्याचा पंचा टांगलेला असायचा, त्याला कोणी हात लावायचा नाही. वर वजन ठेवायचं नाही, पिळायचं तर नावच नाही. ज्याचं पाणी त्याला सावकाश सोडू दे, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा जाता जाता त्या पुरचुंडीला सहज दाबून बघितलं, तर त्यांनी माझ्या हातावर खाडकन चमचा मारला होता. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हातावर.

या जानेवारीत उल्हासला स्ट्रोक आला. ड्राइव्हवेतला बर्फ काढायला निघाला होता, दारातच कोसळला. वाचला. पाय बराचसा परत आला, काठी घेऊन चालायला लागला. उजवा हात मात्र मलूल राहिला, आणि वाचा गेली. त्याला सगळं समजत होतं. मी काय बोलतो, बातम्यांत काय सांगतात, सगळं. पण शब्द काढायला गेला की शब्द यायचाच नाही, किंवा भलताच यायचा.

त्या दिवसांत मंडळातले लोक भेटायला यायचे, त्यांची आठवण झाली की अजून माझं डोकं फिरतं. सोफ्यावर बसून, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्या आवाजात, "उल्हास, पॉझिटिव्ह राहायचं हं!" म्हणायचे आणि वहिनींच्या हातची भाजणीची चकली खाऊन जायचे. उल्हास भिंतीकडे तोंड करून बसायचा. मीही तेच केलं असतं.

स्पीच थेरपिस्ट एक तरुण मुलगी होती. गुणी होती, पण तिच्याकडे चित्रांचे पत्ते होते. सफरचंद, बस, छत्री. ज्याच्या नावावर ब्रेकची दोन पेटंट आहेत त्याच्यासमोर ती सफरचंदाचं चित्र धरायची. उल्हास डोळे मिटून घ्यायचा. तिने वहिनींना स्पष्ट सांगितलं, की पहिलं वर्ष महत्त्वाचं, जितकं बोलायचा प्रयत्न करतील तितकं परत येईल, गप्प बसून राहिले तर बरंचसं असंच राहील.

आणि तो गप्प बसला होता. त्याला कारण होतं. त्यांची मुलगी अनिका बेलव्ह्यूला असते, दर रविवारी व्हिडिओ कॉल करते. हॉस्पिटलमधून घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी उल्हास मोठ्या तयारीने फोनसमोर बसला. दाढी केली होती. तिचं नाव घ्यायला म्हणून त्याने तोंड उघडलं आणि शब्द आला, "टेबल". पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा "टेबल". अनिका धीराची पोर, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याने पाहिलं. त्यानंतर तो फोनसमोर आला नाही. रविवारी फोन वाजला की काठी टेकत आतल्या खोलीत जायचा. अनिकाने एकदा मला वेगळा फोन करून विचारलं, "मोहनकाका, बाबा माझ्यावर अपसेट आहेत का?" मी नाही म्हणालो, आणि तिच्याकडचं हवामान विचारलं.

असे दोन-तीन महिने गेले. मार्चअखेर मी सहज त्यांच्याकडे गेलो होतो, बरोबर दुकानातली बिअर होती. उल्हासला डॉक्टरांनी बंद केलेली, पण मला कुठे केली होती? ग्लासात ओतली. हल्ली मुद्दाम गढूळ बिअर करायची फॅशन आहे, तशी ती होती, ताकासारखी. उल्हासने तो ग्लास पाहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि त्याने नाकातून "हुं" असा आवाज काढला. अगदी जुना, तुच्छतेचा, त्याचा खास आवाज. मला काही वाटलं नाही. वहिनींनी मात्र हातातली भाजी खाली ठेवली.

मग तो फोन आला, दारू गाळायचा.

रविवारी मी गेलो तेव्हा वहिनी जीन्सवर स्वयंपाकाचा एप्रन बांधून, डोक्याला रुमाल गुंडाळून गॅरेजमध्ये उभ्या होत्या. उल्हासची खुर्ची त्यांनी गॅरेजच्या दारात ठेवली होती आणि त्याला त्यात जवळजवळ जबरदस्तीने बसवलं होतं. तो ड्राइव्हवेकडे बघत होता. मी परिस्थितीचा अंदाज घेतला. करणारीने कधी प्यायलेली नाही, ज्याला येतं त्याला बोलता येत नाही आणि मला फक्त पिता येतं.

गॅरेजमध्ये माल्टचं जुनं पोतं होतं. वहिनींनी सकाळीच त्यातला माल्ट घरघंटीवर दळून आणला होता. बारीक चाळणी लावून, दोनदा. मला अभिमानाने चिमटीत धरून दाखवलं, मैद्यासारखं झालं होतं. बारीक दळल्याशिवाय सत्त्व उतरत नाही, असं त्यांचं मत पडलं. मलाही पटलं. आम्ही ते पीठ कूलरमध्ये घातलं, मी गरम पाण्याचं पातेलं उचलून वर ओतलं. तासभर थांबलो. मग वहिनींनी देवाचं नाव घेऊन तोटी उघडली.

पेजेसारखं पांढुरकं काहीतरी चमचाभर आलं. मग थेंब, मग तेही बंद.

मी तोटीच्या नळीत तोंडाने फुंकर मारली. आतून एक बुडबुडा आला आणि माझ्या शर्टावर चिकट खळ उडाली. वहिनींनी लांब दांड्याचं उलथणं घेतलं आणि पिठलं ढवळावं तसं सगळं ढवळलं. त्यामुळे जे काही खाली बसलं होतं तेही उठलं. मागून काठी आपटल्याचा आवाज आला. उल्हास खुर्चीत पुढे झुकला होता, चेहरा लाल झाला होता.

"भ," तो म्हणाला. "भ... भ..."

वहिनी धावल्या. भूक लागली का, म्हणाल्या. त्याने जोरात मान हलवली. मी केळं आणू का विचारलं, तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जागेवरच थांबलो. त्याने काठी उचलून कोपऱ्याकडे रोखली, तिथे फडक्याखाली दोन रुळांचं एक यंत्र होतं. वहिनी इतकी वर्षं त्याला गाडीचा सुटा भाग समजत होत्या.

"भरड!" उल्हास ओरडला.

भरड. दाणा नुसता फोडायचा, त्याचं पीठ करायचं नाही. जवाचं फोलपट अख्खं राहिलं तर त्याचा थर बसतो आणि त्या थरातूनच वर्ट गाळून खाली उतरतं. आम्ही फोलपटाचंसुद्धा पीठ केलं होतं, मग गाळणार कोण? हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी आम्ही दोघं फक्त उल्हासकडे बघत होतो. जानेवारीपासून त्याने बरोबर जागी, बरोबर उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

वहिनींनी पहिला घाणा फुकट जाऊ दिला नाही. त्या खळीत कांदा-मिरची घालून थालीपिठं लावली. गोडसर झाली होती, पण मी चार खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला. आवाज वेगळाच होता.

"भावजी, हे रागावले की शब्द येतो."

"म्हणजे आता तुम्ही त्याला रोज चिडवणार?"

"पस्तीस वर्षं चिडवतेच आहे. आता डॉक्टरांच्या परवानगीने."

आणि खरंच त्यांनी मोहीम काढली. यंत्राच्या रुळांवर तेल घालायला गेल्या, तेही मोहरीचं. नळ्या धुवायला बाथरूमचा ब्रश घेतला. थर्मामीटर उलटा टांगला. उल्हास खुर्चीत तळमळायचा, काठी आपटायचा, आणि महिन्याभरात एकेक शब्द बाहेर यायला लागला. "नको." "उलटं." "हळू." एकदा वहिनींनी गरम पाण्याची नळी बोटाने चाचपली तेव्हा त्याच्या तोंडून "अगं!" निघालं, आणि वहिनी नळी टाकून आत जाऊन रडल्या. चार महिन्यांत त्यांना कोणी अगं म्हटलं नव्हतं. थेरपिस्टकडे जाताना त्या स्टीलच्या डब्यात माल्ट, तोटी आणि नळीचा तुकडा घेऊन गेल्या आणि तिच्या टेबलावर मांडून बसल्या. त्या मुलीने सफरचंदाचे पत्ते खणात ठेवून दिले. मी तिला गुणी म्हणालो ते उगीच नाही.

पण हे सगळे शब्द वस्तूंचे आणि रागाचे. रविवारी फोन वाजला की तो अजूनही उठून आत जायचा. माणसाचं नाव त्याच्या तोंडून येत नव्हतं, वहिनींचं नाही, माझंही नाही, आणि जे यायला हवं होतं ते तर तो काढायलाच घाबरत होता. वहिनींना मी एकदाच विचारलं, की फोनचं काय करायचं. त्या म्हणाल्या, "तोटी उघडली की पहिलं येतं ते गढूळच असतं ना? तेच बघून उठून गेले ते. एकदा बसले पाहिजेत." एवढं बोलून त्या कांदा चिरायला लागल्या. मला वाटतं, त्यांनाही तेव्हा खात्री नव्हती.

जूनमध्ये दुसरा घाणा लावला, पुन्हा रविवारीच. या वेळी माल्ट यंत्रातून नीट भरडला होता, उल्हासने डाव्या हाताने स्वतः मुठीत घेऊन पाहिला होता आणि मान डोलावली होती. गॅरेजचं दार उघडं होतं, समोर कोणीतरी लॉन कापत होतं. तोटी उघडली. पहिला जग गढूळ आला. ठरल्याप्रमाणे वहिनी तो सरळ उकळायच्या भांड्यात ओतायला निघाल्या.

"परत," उल्हास म्हणाला. "वर. परत."

वहिनींनी जग हळूच पुन्हा कूलरमध्ये, दाण्यांच्या थरावर ओतला. मग दुसरा, मग तिसरा. दरवेळी खालून येणारं पाणी जरा जास्त स्वच्छ. मधेच त्यांनी तोटी पूर्ण उघडली, हीही चूक ठरलेलीच होती. धार भसकन वाढली तर थर दबतो आणि सगळं तुंबतं. "हळू," तो म्हणाला, न रागावता. मी ग्लास भरून दिनदर्शिकेसमोर धरला. मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं. मी तिथी वाचली, "अष्टमी."

"नवमी," उल्हास म्हणाला. माझा चष्मा खिशात होता.

मग तोटी बारीक धारेवर ठेवून वहिनींनी आपला शेवटचा हुकमी पत्ता काढला. स्वच्छ धुतलेला पंचा आणला, कूलरमधले वरचे ओले दाणे त्यात काढून पुरचुंडी बांधली आणि भांड्यावर धरून पिळायच्या पवित्र्यात उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, केवढं गोड पाणी राहिलंय यात, टाकून कशाला द्यायचं. मी ठरल्याप्रमाणे हो हो म्हणालो. माझा अभिनय शाळेपासून वाईट आहे.

उल्हासने काठी आपटली नाही. तो वहिनींच्या हाताकडे बघत राहिला. ओठ हलत होते. आम्ही दोघं "नको"ची वाट बघत होतो.

"तू," तो म्हणाला. मग थांबला. "चक्का... पिळतेस का... कधी?"

वहिनींचे हात तसेच राहिले. पंच्यातून एक-दोन थेंब टपटपले. त्याला माहीत होतं. मोहरीचं तेल, बाथरूमचा ब्रश, उलटा थर्मामीटर, कधीपासून कोण जाणे, त्याला सगळं माहीत होतं, आणि तरी तो रोज येऊन त्या खुर्चीत बसत होता, रागावत होता. वहिनींनी पुरचुंडी कूलरमध्ये ठेवून दिली आणि माझ्या बादलीवर बसल्या. पदर नव्हता, म्हणून एप्रनने डोळे पुसले. "नाही पिळत," त्या म्हणाल्या. "कधीच नाही पिळत हो मी."

तेवढ्यात फोन वाजला. कामाच्या टेबलावर ठेवलेला होता, पडद्यावर अनिकाचा फोटो. सवयीने आम्ही तिघांनीही घरात जायच्या दाराकडे बघितलं. उल्हासने काठी हातात घेतली, मग खुर्चीला टेकवून ठेवली आणि डावा हात पुढे केला.

"दे."

मी फोन उचलून त्याच्या हातात दिला. पडद्यावर अनिका आली. आईऐवजी बाबा दिसल्यावर ती "हाय" म्हणायचंही विसरली. उल्हासने तिच्याकडे नीट पाहिलं आणि श्वास घेतला.

"टेबल," तो म्हणाला.

वहिनींनी डोळे मिटले. तिकडे अनिका ओठ दाबून हसायचा प्रयत्न करत होती, आणि तो जमत नव्हता. मग मी उल्हासकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा डावा कोपरा, जो चांगला होता तो, हळूहळू वर चालला होता.

"अनिका," तो म्हणाला. स्वच्छ. मग पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखा, "अनिका."

"बाबा, दॅट वॉज सो मीन," ती म्हणाली, आणि रडता रडता हसायला लागली. वहिनीही हसायला लागल्या. मी मान वळवून दिनदर्शिका वाचत उभा राहिलो, चष्मा लावला तरी अक्षरं दिसेनात.

त्या गडबडीत तोटीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. भांडं काठोकाठ भरून ते नितळ, मधाच्या रंगाचं वर्ट फरशीवरून ड्राइव्हवेकडे निघालं होतं. ते पहिल्यांदा दिसलं उल्हासला. त्याने फोन मांडीवर टेकवून पोरीला बोटाने थांब अशी खूण केली.

"मोहन्या," तो ओरडला, "तोटी!"

मी धावलो.